पाय धुऊन घेणं जास्त अवघड

वाचकाचं पत्र

गेली पंधरा वर्षं मी आमच्या मंडळीत स्त्रियांचा शास्त्राभ्यास घेते. त्यातलीच एक मुलगी, जिला मी संडेस्कूलपासून शिकवलं, ती आता फार छान बोलते. या वर्षी पाळकांनी तिला महिन्यातून दोनदा अभ्यास घ्यायला सांगितलं. मी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, पण घरी आल्यावर आतून जळत होते. मग मी लीनतेसाठी प्रार्थना सुरू केली, उपास केले. आता लोक म्हणतात, "ताई किती नम्र आहेत, स्वतःची जागा दुसरीला दिली." ते ऐकून बरं वाटतं, आणि बरं वाटलं याचीच लाज वाटते. "मी काही नाही, सगळं प्रभूचं" असं मी म्हणते खरी, पण ते मलाच खोटं वाटतं.

एकदा अभ्यासात तिनं पौलाला येशूच्या बारा शिष्यांत धरलं. मी तिथल्या तिथे उभी राहून दुरुस्त केलं, कारण वचनाच्या बाबतीत तडजोड नको. नंतर "तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर" असंही तिला म्हटलं.

इतकी वर्षं विश्वासात असून मी वाढलेच नाही का? सगळी सेवा सोडून मागच्या बाकावर बसावं का? आणि आणखी एक. माझ्या एका मैत्रिणीला तिचा नवरा मारतो. तिला सांगितलं जातं की ख्रिस्ती स्त्रीनं नम्र असावं, सोसावं. याला नम्रता म्हणायचं का?

— एक बहीण

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या मैत्रिणीचं आधी बोलू. तुमचा प्रश्न आठवडाभर थांबला तरी चालेल, तिचा नाही चालणार.

मार खाणं म्हणजे नम्रता नव्हे. तिला तसं सांगणारी माणसं बहुधा नव्या करारातल्या फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढून दाखवत असतील: ख्रिस्तानं स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, वधस्तंभावरचं मरण सोसलं. पण ते लिहिणारा पौल त्याच फिलिप्पै शहरात कसा वागला होता, हे प्रेषितांची कृत्ये 16 मध्ये आहे. त्याला आणि सीलाला चौकशीशिवाय, भर लोकांत फटके मारले आणि तुरुंगात टाकलं. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी त्यांना गुपचूप सोडून द्यायचं ठरवलं. पौल गेला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, आम्हाला उघडपणे मारलंत आणि आता चोरून बाहेर काढता काय, असं त्यानं विचारलं. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं, असा निरोप पाठवला. ते घाबरले, आले आणि विनवणी करू लागले. ज्या शहरानं पौलाला न्याय मागताना पाहिलं, त्याच शहरातल्या मंडळीला त्यानं पुढे लीनतेबद्दल लिहिलं. खुद्द प्रभूनंही महायाजकापुढे चपराक बसल्यावर विचारलं की मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस. ख्रिस्तानं स्वतःला रिक्त केलं ते स्वतः होऊन. घरातल्या ताकदवान माणसानं दुसऱ्याला मारून रिक्त करायचं आणि मंडळीनं त्याला वचनाचा आधार द्यायचा, हे त्या अध्यायात कुठेही नाही.

तिला आधी सुरक्षित जागी न्या. जखमांची डॉक्टरकडे नोंद करून घ्या. पोलिसांकडे जायचं ठरवलं तर सोबत जा. एकटीनं तो उंबरा ओलांडणं कठीण असतं. नवऱ्याला क्षमा करण्याचा प्रश्न त्यानंतरचा आहे आणि त्याची घाई तिच्या वतीनं दुसऱ्या कुणीही करू नये.

आता तुमचं.

पत्रात तुम्ही हेव्याबद्दल मोकळेपणानं लिहिलंत. प्रार्थना, उपास, लोकांचं कौतुक, त्याची लाज, सगळं सांगितलंत. पौलाबद्दलच्या त्या दुरुस्तीला मात्र जेमतेम दोन-तीन वाक्यं दिलीत, तीही कारणासकट. मला वाटतं, तुमचा खरा प्रश्न त्या दोन-तीन वाक्यांत आहे.

दुरुस्ती बरोबर होती, यात वाद नाही. पौल बारांपैकी नव्हता. पण ती चूक तारणाच्या मुळावर येणारी होती का? वर्गानंतर कानात सांगितली असती तर त्या बायकांचं काय नुकसान झालं असतं? पुढच्या वेळी तिनं स्वतःच हसून "मागच्या वेळी माझी गफलत झाली" म्हटलं असतं आणि सगळ्यांच्या ते जास्त लक्षात राहिलं असतं. तुम्ही मात्र उभ्या राहिलात. बसून सांगता आलं नसतं का? हे मी टोचायला विचारत नाही. तुम्ही स्वतः "उभी राहून" असं लिहिलंत, म्हणजे तुमच्याही ते मनात राहिलंय.

अगदी अशाच प्रसंगाची एक गोष्ट कृत्ये 18 मध्ये आहे. अपुल्लोस नावाचा आलेक्सांद्रियाचा माणूस इफिसात येतो. वक्तृत्व उत्तम, शास्त्राचा गाढा अभ्यास, आवेश भरपूर. सभास्थानात निर्भयपणे बोलतो, येशूविषयी नीट शिकवतोही. पण त्याला ठाऊक असतो फक्त बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप्तिस्मा. ही उणीव पौलाला बारांत मोजण्यापेक्षा कितीतरी मोठी. ऐकणाऱ्यांत प्रिस्किल्ला आणि अक्विला हे जोडपं असतं. पौलाबरोबर राहिलेली, काम केलेली माणसं. तिथल्या तिथे उठून बोलण्याइतका त्यांचा अधिकार नक्कीच होता. त्यांनी काय केलं? त्याला आपल्याजवळ घेतलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. एवढंच. सभास्थानात काय झालं, कोण काय म्हणालं, याचा एक शब्द कृत्ये लिहिणाऱ्या लूकनं लिहिलेला नाही, बहुधा तिथे काही झालंच नाही म्हणून. पुढे अपुल्लोस अखयाला निघाला तेव्हा बंधूंनी त्याच्यासाठी शिफारसपत्र लिहून दिलं.

त्यानंतरचा भाग तुमच्यासाठी आणखी महत्त्वाचा आहे. अपुल्लोस करिंथला गेला. ती मंडळी पौलानं स्थापन केलेली. थोड्याच काळात तिथे "मी पौलाचा" आणि "मी अपुल्लोसाचा" असे तट पडले. पौलाच्या जागी आपण असतो तर? ज्याला आपल्याच सहकाऱ्यांनी धडे दिले, तो आता आपल्या मंडळीत आपल्यापेक्षा जास्त आवडता झालाय. पौलानं करिंथकरांस पहिल्या पत्रात लिहिलं, मी लावलं, अपुल्लोसानं पाणी घातलं, वाढवणारा देव होता. आणि त्याच पत्राच्या शेवटी, सोळाव्या अध्यायात, एक ओळ येते. ती सहसा कुणी वाचून दाखवत नाही, कारण ती प्रवासाच्या बेतांमध्ये दडलेली आहे. पौल म्हणतो की अपुल्लोसानं तुमच्याकडे यावं म्हणून मी त्याची खूप विनवणी केली. तट पडलेल्या ठिकाणी, ज्याच्या नावानं तट पडलाय त्यालाच पुन्हा पाठवायचा आग्रह! मला लीनतेच्या व्याख्या फारशा आवडत नाहीत, पण कुणी उदाहरण मागितलं तर मी ही ओळ दाखवते.

मी वाढलेच नाही का, या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तरही त्याच पत्रात आहे. पहिल्या अध्यायात पौल करिंथकरांना म्हणतो की तुम्हाला कोणत्याही कृपादानाची उणीव नाही, बोलण्यात आणि ज्ञानात तुम्ही संपन्न आहात. तिसऱ्या अध्यायात त्याच माणसांना तो ख्रिस्तातली बाळकं म्हणतो. कारण काय देतो? हेवा आणि कलह. म्हणजे शिकवता येणं वेगळं आणि वाढणं वेगळं. पंधरा वर्षं उत्तम शिकवलंत, त्यानं पंधरा वर्षांची वाढ आपोआप झाली असं होत नाही. हे ऐकायला कडू आहे, पण ज्या मंडळीला हे लिहिलं तिला पौलानं टाकून दिलं नाही, हेही लक्षात घ्या. देवाचं मंदिर तुम्हीच आहात, असं तो त्याच अध्यायात म्हणतो.

आता तुमची माफी. "तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर." ताई, ही माफी नव्हे. या वाक्यात चूक तिची आहे, तिला वाईट वाटलं ही. तुम्ही काय केलंत, हे त्यात कुठेच नाही.

बाराव्या शतकात क्लेर्व्होचा बर्नार्ड नावाचा एक मठाधिपती होऊन गेला. त्याला लीनतेच्या बारा पायऱ्यांवर लिहायला सांगितलं होतं. त्यानं लिहिल्या त्या गर्वाच्या बारा पायऱ्या, आणि शेवटी सांगितलं की चढण्यापेक्षा उतरणंच मला जास्त ठाऊक आहे. (असा मठाधिपती मला बुवा आवडतो.) त्याच्या यादीत आठवी पायरी आहे आपल्या चुकीचं समर्थन करण्याची आणि नववी आहे दिखाऊ कबुलीची. आठव्या पायरीवर माणूस म्हणतो, मी केलं ते योग्यच होतं, किंवा हेतू चांगला होता. नवव्या पायरीवर तो उलट टोकाला जातो आणि स्वतःला इतकं हीन म्हणवून घेतो की ऐकणाऱ्यानं "छे छे, असं कसं" म्हणावं. "वचनाच्या बाबतीत तडजोड नको" हे आठव्या पायरीवरचं वाक्य आहे. "मी काही नाही, सगळं प्रभूचं" हे नवव्या पायरीवरचं होऊ शकतं. ते तुम्हाला खोटं वाटतं, ही चांगली गोष्ट आहे, कारण ते खोटंच आहे. तुम्ही काही नाही असं नाही. तुम्ही पंधरा वर्षं मेहनत घेतलीत, एक चांगली शिक्षिका घडवलीत. आविलाची तेरेसा, सोळाव्या शतकातली स्पेनमधली जोगीण, म्हणायची की लीनता म्हणजे सत्यात चालणं. तुमच्यातलं खरं चांगलं नाकारणं हेही सत्यापासून दूर जाणंच आहे.

म्हणून कुणी "ताईंनी जागा दिली" म्हणालं की "मी काही नाही" म्हणू नका. खरं काय झालं ते सांगा: "जागा मी दिली नाही, पाळकांनी तिला बोलावलं. मला सुरुवातीला जड गेलं." बस. कौतुक तिथेच थांबेल आणि खोटेपणाचं ओझंही उतरेल. आणि कौतुकानं बरं वाटलं, मग त्याची लाज वाटली, मग लाज वाटली म्हणून पुन्हा बरं वाटलं, या भोवऱ्याचा पाठलाग सोडा. स्वतःच्या नम्रतेची नाडी दर तासाला बघणाऱ्याला ताप नसला तरी चढतो.

उपासांबद्दल थोडंच सांगते. उपास चांगले. पण कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल एका लीनतेपासून सावध करतो. ती स्वतः ठरवलेली, देहाला कष्ट देणारी असते, वरून शहाणपणाची वाटते, आणि देहस्वभावाला आवरायला तिचा काही उपयोग होत नाही. तुमचे उपास तसे आहेत असं मी म्हणणार नाही. मात्र तुम्ही उपास केलेत आणि त्या मुलीकडे गेला नाहीत. यातलं सोपं कोणतं होतं, ते तुम्हीच ठरवा.

लीनता ही आपण एकट्यानं, खोलीत दार लावून, स्वतःवर करायची गोष्ट आहे असं आपल्याला वाटतं. मी लहान होणार, मी मागे बसणार, मी सोडून देणार. कर्ता प्रत्येक वेळी मीच. योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय म्हणूनच मला सगळ्यात अवघड वाटतो. पाय धुण्याच्या प्रसंगावर आपण प्रवचनं ऐकतो ती बहुतेक धुणाऱ्याच्या बाजूनं: प्रभूनं पाय धुतले, तुम्हीही धुवा. त्याचा शिष्य पेत्र याच्या बाजूनं ते फारसं वाचलं जात नाही. प्रभू त्याच्यासमोर बसतो तेव्हा पेत्र म्हणतो, तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत. किती नम्र वाटतं ना हे? गुरूनं शिष्याचे पाय धुवावेत हे त्याला सोसत नाही. पण प्रभू त्याची वाहवा करत नाही. मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, असं सरळ सांगतो. मग पेत्र लगेच दुसऱ्या टोकाला: तर मग नुसते पाय नको, हात आणि डोकंही! तेही प्रभू नाकारतो. पेत्राला दोन्ही वेळा कसं धुवायचं ते आपणच ठरवायचं होतं. त्याला करायचं होतं एकच: पाय पुढे करून गप्प बसणं.

"सगळी सेवा सोडून मागच्या बाकावर बसू का?" हा तुमचा प्रश्न मला पेत्राच्या हात-आणि-डोक्यासारखा वाटतो. आधी जागा सुटू नये असं वाटत होतं, आता सगळंच सोडायचं. मधली जागा, म्हणजे निम्मे अभ्यास तुम्ही घ्यायचे आणि निम्म्यांत तिच्यासमोर ऐकत बसायचं, ती तुम्ही विचारातही घेतलेली दिसत नाही. पाळकांनी तुम्हाला नेमकी तीच दिली आहे.

त्या अध्यायातलं आणखी एक वाक्य सुटू नये. प्रभू उठला, वस्त्र काढलं, रुमाल कमरेला बांधला, याच्या आधी योहान लिहितो की पित्यानं सगळं आपल्या हाती दिलंय, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातो, हे त्याला ठाऊक होतं. ते ठाऊक असताना तो उठला. ज्याला आपली जागा जाईल अशी भीती नाही, तोच खाली बसू शकतो. तुम्हाला भीती वाटली. का वाटली असेल? माझा अंदाज सांगते, चुकला तर सोडून द्या. पंधरा वर्षांत कधीतरी ती सेवा तुमच्यासाठी देवाजवळची ओळख झाली. "अभ्यास घेणाऱ्या ताई" म्हणून तुम्ही देवासमोर उभ्या राहू लागलात. कृपा तर असं काही विचारतच नाही. येशूच्या दाखल्यातला, मंदिरात प्रार्थनेला गेलेला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, खोटं बोलत नव्हता. तो खरोखरच आठवड्यातून दोनदा उपास करत असेल, दशमांश देत असेल. त्याची प्रार्थना "हे देवा, मी तुझे आभार मानतो" अशीच सुरू होते. बिघडलं ते पुढच्या शब्दांत, जिथे त्यानं शेजारच्या जकातदाराकडे बघितलं. आभार मानतानाही शेजारी कोण उभं आहे हे बघावं लागतं, तेव्हा कृपा अजून पुरेशी वाटत नाही असं समजावं.

आणि आता तो प्रश्न, जो तुम्हाला रात्री जागवत असणार. मी वाढलेच नाही का?

पौलाचं दुसरं करिंथकरांस पत्र, बारावा अध्याय. चौदा वर्षांपूर्वी आपल्याला तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलून नेलं गेल्याचं तो सांगतो, तेही दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. मग म्हणतो की या प्रकटीकरणांमुळे मी चढून जाऊ नये म्हणून माझ्या देहात एक काटा ठेवला आहे. तो काटा काय होता, यावर लोकांनी भरपूर शाई खर्च केली आहे. मला त्यात रस नाही. रस आहे तो यात की मंडळ्या स्थापून, छळ सोसून, स्वर्ग पाहून आल्यावरही पौल स्वतःबद्दल गृहीत धरतो की मी चढून जाऊ शकतो. तीन वेळा त्यानं काटा काढायची विनंती केली. उत्तर आलं: "माझी कृपा तुला पुरे आहे." काटा तसाच राहिला. तुम्ही लीनतेसाठी प्रार्थना केलीत आणि हेवा गेला नाही, म्हणून प्रार्थना ऐकली गेली नाही असं समजू नका. ती मुलगी दर पंधरा दिवसांनी तुमच्यासमोर उभी राहून बोलते आहे. कदाचित उत्तर तेच असेल.

कृपा आपल्याला सगळं एकदम दाखवत नाही, हे मला जॉन न्यूटनच्या आयुष्यात फार ठळक दिसतं. कृपेवरचं ‘अमेझिंग ग्रेस’ हे जगभर गायलं जाणारं इंग्रजी गीत लिहिणारा हा माणूस. 1748 मध्ये समुद्रातल्या वादळात त्यानं देवाचा धावा केला आणि तिथून त्याचं मन वळलं, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. त्यानंतरची वर्षं सहसा सांगितली जात नाहीत. मन वळल्यानंतर न्यूटन गुलामांच्या व्यापारातच राहिला. गुलाम नेणाऱ्या जहाजांचा कप्तान तो त्यानंतर झाला. वर खलाशांसाठी उपासना घ्यायचा आणि खाली साखळदंडांत माणसं असायची. 1754 मध्ये त्यानं समुद्र सोडला तोही प्रकृती बिघडल्यामुळे. 1764 मध्ये तो पाळक झाला. आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यानं जाहीरपणे पुस्तिका लिहिली ती 1788 मध्ये. जहाज सोडून चौतीस वर्षं झाली होती. त्यात त्यानं आपला सहभाग लपवला नाही. त्या धंद्याच्या आठवणीनं अंगावर काटा येतो, असं स्वतः लिहिलं. इतका उशीर का झाला, याचं समर्थन मी करणार नाही. त्या चौतीस वर्षांत किती माणसं विकली गेली असतील, याचा विचार केला की कृपेची गोष्ट गोड करून सांगता येत नाही. पण 1748 ची कृपा खोटी होती असंही म्हणवत नाही. तिनं त्याला सोडलं नाही, आणि जे त्याला दिसत नव्हतं ते शेवटी बघायला लावलं.

इब्री लोकांस पत्रात प्रौढ कोणाला म्हटलंय? ज्यांच्या मनाला बरंवाईट ओळखण्याचा सराव झालाय त्यांना. पंधरा वर्षांपूर्वी तुम्ही असंच कुणाला उभं राहून दुरुस्त केलं असतंत तर कदाचित तुम्हाला ते आठवलंही नसतं. आज ते पत्रात आलं, जरा झाकून का होईना, पण आलं. याला वाढ म्हणायला माझी हरकत नाही. फार मोठी शाबासकीही मी देणार नाही, कारण दिसलं आणि केलं यांच्यात अजून एक घर ओलांडायचं आहे, त्या मुलीचं.

तिच्याकडे जा. एकट्या जा. वर्गाआधी पाच मिनिटं गाठून नको. तिला वेळ विचारून जा. बोलायचं ते लहानच असू दे: "त्या दिवशी मी तुला सगळ्यांसमोर दुरुस्त केलं. तुझी चूक सांगणं हे निमित्त होतं, मला तुझा हेवा वाटत होता. माझं चुकलं. मला माफ कर." यात "जर" नको, "पण" नको, आणि पंधरा वर्षांचा इतिहासही नको. रडू आलं तर येऊ दे, पण तिला तुमची समजूत काढत बसावं लागेल इतकं नको. माफी मागायला गेलेल्या माणसालाच पाणी द्यायची वेळ आली की माफी बाजूला राहते. हेव्याचं सांगावं की नाही, यावर मतं वेगळी असू शकतात. माझं मत, सांगावं. तिला त्या दिवशी आपलं बोलणं इतकं वाईट होतं का असं वाटलं असेल, तर खरं कारण कळण्याचा तिला हक्क आहे.

दुरुस्ती चारचौघींत झाली, तेव्हा एक वाक्य चारचौघींतही लागेल. हेव्याचं तिथे उगाळू नका, त्याचं पुन्हा नवव्या पायरीवरचं नाटक होईल. "त्या दिवशी मी मध्ये उठले ते योग्य नव्हतं" एवढं पुरे. पण आधी तिला विचारा. तिला तो विषय पुन्हा निघायला नको असेल तर काढू नका.

मग तिला तुमच्यासाठी प्रार्थना करायला सांगा. मोठ्यानं, तिथेच, तुमच्यासमोर. आजवर तुम्ही तिच्यासाठी केलीत; आता तिचा हात तुमच्या डोक्यावर असू दे. मला वाटतं हेच तुम्हाला माफी मागण्यापेक्षा जड जाईल. प्रभूनं तेराव्या अध्यायात "एकमेकांचे पाय धुवा" म्हटलं, तेव्हा प्रत्येकाला कधी ना कधी बसून राहावं लागणार, हे त्यात आलंच. शिक्षकांची पाळी फार उशिरा येते, कारण ते सतत उभे असतात.

वर्ग सोडू नका. तुमचे दोन घ्या, तिच्या दोनांना वही घेऊन बसा. चुका टिपायला वही नको, शिकायला हवी. महिन्याभरात तिच्याकडून एकही नवी गोष्ट मिळाली नाही, तर ऐकण्यातच काही अडतंय असं समजा. उत्तम शिकवणाऱ्या माणसाकडून चार आठवड्यांत काहीच मिळू नये असं होत नाही. ती पुन्हा चुकली, आणि ती चुकणारच, तर प्रिस्किल्लासारखं बाजूला घ्या. आणि पाळकांशी एकदा बोला. हेवा वाटला हे त्यांनाही कळू दे. हेवा अंधारात जास्त फोफावतो. त्यांच्याकडून "छे, तुम्ही तर किती नम्र" असं ऐकायला मिळालं तर विषय बदलू नका, पुन्हा सांगा.

राहता राहिली एक शक्यता. तुम्ही गेलात, म्हणायचं ते सगळं म्हणालात, आणि तिनं मान हलवून "ठीक आहे" एवढंच म्हटलं, किंवा तेही नाही. तसं झालं तर दुसऱ्यांदा समजावून सांगायला जाऊ नका. लांबलचक मेसेज नको, कुणाकरवी निरोप नको, आणि "मी तर माफी मागितली होती" असं मैत्रिणींना सांगणं तर मुळीच नको. तिला वेळ लागेल. तोवर तिच्या अभ्यासाला वेळेवर जाऊन बसा.

तुमची,
सदर लेखिका